चार पायांचा मासा

आमच्या सोसायटीच्या दृष्टीने मी एक मासा पाळतो. या माशाला चार पाय आहेत, अंगावर बिबट्यासारखे ठिपके आहेत, आणि पाण्यात सोडला तर तो बुडेल. तरीही तो मासाच आहे. सेक्रेटरींनी तसे ठरवले आहे, आणि आमच्या इमारतीत एकदा ठरलेली गोष्ट ओलसर भिंतीवरच्या डागासारखी असते. वरून कितीही रंग लावा, ती पुन्हा वर येते.

मी एका कार्यालयात घरगुती यंत्रांबरोबर येणारी माहितीपत्रके तपासतो. ‘यंत्र ओल्या हाताने हाताळू नये’, ‘झाकण घट्ट बसल्याची खात्री करावी’ अशी वाक्ये दिवसभर माझ्या डोळ्यांखालून जातात. ही पत्रके कोणीही वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. खोके उघडल्यावर ती प्रथम बाजूला पडतात आणि पुढे कपाटाच्या कप्प्यात अंथरली जातात. पण माझी त्यांच्यावर श्रद्धा आहे. जगातली प्रत्येक वस्तू सूचनांबरहुकूम हाताळली तर सुरळीत चालते, असे मी मनापासून मानत आलो. माझे स्वतःचे माहितीपत्रक तेवढे खोक्यात टाकायचे राहून गेले असावे.

प्राण्यांच्या दुकानात मी कशासाठी शिरलो, हे आजही नीट सांगता येत नाही. संध्याकाळी कार्यालयातून परतताना ज्या दुकानात कोणी आपल्याशी बोलणार नाही अशा दुकानासमोर रेंगाळण्याची मला सवय आहे. त्या दिवशी अंदाज चुकला. दुकानदार बोलला.

“बघताय ना? गेको. आपल्या पालीचाच लांबचा भाऊ समजा, वाळवंटातला. भुंकत नाही, चावत नाही, अंगावर येत नाही. कोपऱ्यात पडून असतो. घरात आहे हेसुद्धा कळत नाही.”

माझ्या काळजात काहीतरी हलले. आई नातेवाइकांपुढे माझे वर्णन याच शब्दांत, जवळजवळ याच क्रमाने करते. विशेषतः आत्यापुढे. आत्या अधूनमधून मुक्कामाला येते आणि मी जेवायला बसलो की समोर खुर्ची ओढून माझ्या ताटाकडे पाहत राहते. “खातोयस की चिवडतोयस रे?” असे तिने विचारले की माझा घास घशाच्या दारात उभा राहतो, आत जात नाही आणि बाहेरही येत नाही. ती असते तितके दिवस मी ताटावरून अर्धपोटी उठतो आणि सगळे पांगल्यावर ओट्याशी उभ्याने जेवतो. “लाजरा आहे हो,” आई म्हणते, “पण घरात त्याचा काही त्रास नाही.”

काचेपलीकडचा तो ठिपकेदार जीव माझ्याकडे पाहत होता. मग त्याने एक डोळा सावकाश मिटला. मला जिवाभावाचे कोणी भेटल्यासारखे झाले. माणूस एकटा असला की पालीच्या पापणीतही ओळख शोधतो.

घरी खोके उघडले तेव्हा आई दोन पावले मागे सरली. आईने आयुष्यभर पालींशी लढा दिला आहे. स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटमागे एक पाल पिढ्यान्‌पिढ्या राहत असल्यासारखी राहते, आणि आईचा झाडू तिच्या मागावर तितक्याच निष्ठेने असतो.

“घरातली हाकलता हाकलता माझे हात मोडले, आणि तू विकत आणलीस?”

“आई, ही ती पाल नाही. हा गेको आहे.”

“पालीला भारीतलं नाव दिलं म्हणून काय तिला शेपूट नाही?”

“हा भिंतीवर चढत नाही. याच्या पायांना तसली पकडच नसते.”

आईने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. तिच्या नजरेत कीव होती. “म्हणजे पाल असून तेवढंही येत नाही!” ती म्हणाली, आणि का कोण जाणे, मग माझ्याकडे पाहिले.

आता त्याच्या घराचा प्रश्न आला, आणि घराचा प्रश्न आला की बाबा आले. बाबा एका कारखान्याच्या दुरुस्ती विभागातून निवृत्त झाले आहेत. आमच्या घरात दुरुस्त करण्यासारखे काही उरलेले नाही. जे होते ते दुरुस्त होऊन होऊन बिघडले आहे. अशा माणसाच्या हाती एक रिकामी काचेची पेटी, एक उष्णतेचा दिवा आणि ‘एक बाजू उबदार, एक बाजू थंड ठेवावी’ अशी सूचना पडणे म्हणजे काय, हे मला आधी कळायला हवे होते.

“तू फक्त वाच,” बाबा म्हणाले. “बाकीचं मी बघतो.”

दुकानातून मिळालेले पत्रक मी वाचत गेलो, ते करत गेले. ‘जमिनीवर वाळू टाकू नये, ती पोटात जाण्याचा धोका असतो,’ असे मी वाचले. बाबांनी माळ्यावरून न्हाणीघराच्या उरलेल्या फरश्या काढल्या. त्यांवर गुलाबी फुले होती. ‘लपण्यासाठी गुहेसारखी जागा द्यावी,’ असे मी वाचले. त्यांनी तुळतुळीत कुंडी मधोमध फोडली. ती कुंडी आईची चांगली कुंडी होती, हे नंतर कळले. ‘पेटीच्या मागील बाजूस नैसर्गिक अधिवासाचे चित्र लावल्यास प्राण्यास निर्धास्त वाटते,’ असे मी वाचले आणि पुठ्ठ्यावर वाळवंट रंगवावे असे सुचवले. पण घरात पिवळा रंग नव्हता, निळा आणि पांढरा होता; तेव्हा बाबांनी हिमशिखरे रंगवली. अशा रीतीने वाळवंटातला एक जीव बर्फाच्छादित पर्वतांच्या पायथ्याशी, न्हाणीघराच्या गुलाबी फुलांवर, अर्ध्या कुंडीत राहू लागला. त्याला पाहून मला परक्या शहरात बदली झालेल्या कारकुनाची आठवण येई.

पेटीसाठी सरळ पृष्ठभाग हवा होता आणि बाबांच्या पाणसळीच्या मते आमच्या घरात असा पृष्ठभाग एकच होता, माझे लिहायचे टेबल. मी जमिनीवर आलो. पुढे हवा खेळती राहावी म्हणून पंखाही तिकडे वळला. त्याला उबदार बाजू होती, थंड बाजू होती, आणि या दोन्हींमधले तापमान दाखवणारा थर्मामीटर होता. मला एकच बाजू होती, भिंतीकडची.

उष्णतेच्या दिव्याने एक निराळेच प्रकरण उभे केले. पेटी तापली की दिवा आपोआप विझावा आणि गार झाली की लागावा, अशी जोडणी बाबांनी स्वतः केली. ती उत्तम चालली. फक्त दर वेळी दिवा लागला की आमच्या दाराची बेल वाजू लागली. बाबांना हे बेलचे दुखणे वाटले. त्यांनी बेल बदलली. नवी बेल अधिक मोठ्याने वाजली. आई दिवसभर दार उघडत राहिली आणि दर वेळी समोर कोणी नसताना समोरच्या काकूंच्या बंद दाराकडे पाहत राहिली. शेवटी काकूंनीच दार उघडले.

“काय वहिनी, आमच्याकडे कोण येतं-जातं त्यावर लक्ष आहे वाटतं?”

“अहो नाही हो, आमच्या पालीला थंडी वाजली की बेल वाजते.”

यानंतर काकू बरेच दिवस आईशी अत्यंत मऊ, सावकाश आवाजात बोलत असत.

पण काकूंच्या तोंडून ‘पाल’ हा शब्द खाली पोचला आणि सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठले. सेक्रेटरी नियमांचे माणूस आहेत. पाळीव प्राण्यांसाठी सोसायटीची परवानगी लागते आणि तिच्यात चार प्रकार आहेत: कुत्रा, मांजर, पक्षी, मासा. पाचवा प्रकार वाढवायचा तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागते.

“भुंकतो?” त्यांनी विचारले.

“नाही.”

“जिन्यात फिरतो?”

“नाही.”

“उडतो?”

“नाही हो.”

“राहतो कशात?”

“काचेच्या पेटीत.”

सेक्रेटरींचा चेहरा उजळला. “मग मासाच की! उगाच घाबरवलंत.”

मला बोलायचे होते. पण समोरच्याचा चेहरा उजळला की तो पुन्हा काळवंडेल असे काही सांगणे मला जमत नाही. माझ्या आयुष्यातले बरेचसे गैरसमज दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरच्या समाधानापोटी जन्मले आहेत.

इथपर्यंतचे सारे मी आनंदाने सोसले असते. पण साहेब जेवत नव्हते. ‘साहेब’ हे नाव बाबांनी दिले होते, कारण सगळी सोय करूनही नाराज असणारा दुसरा प्राणी त्यांना कारखान्यात एकच ठाऊक होता.

या जातीचा प्राणी चरबी शेपटीत साठवतो. शेपूट जाड असेल तोवर काळजी नाही. ती बारीक होऊ लागली की जीव आतून संपत चालला असे समजावे. मी रोज सकाळी प्रथम त्याची शेपूट पाही. दुकानातून आणली तेव्हा ती गाजरासारखी होती. मग ती शेंगेसारखी झाली. ती पेन्सिलीसारखी होण्याची वाट पाहण्याखेरीज माझ्या हाती काही उरले नव्हते.

मी सूचनांमध्ये काही चुकत तर नाही ना, हे पाहण्यासाठी खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बसू लागलो. चिमट्यात अळी धरून मी ती त्याच्या नाकासमोर हलवी आणि तो त्या अळीपलीकडे, माझ्याकडे पाही. मी दमलो की बाबा बसत. बाबा उठले की आई, भाजी निवडत, एक डोळा त्याच्यावर ठेवून बसे. “खा रे बाबा, खा,” ती म्हणे. “चिवडू नको.” लढा विसरून ती त्याच्यासाठी हळहळू लागली होती. काकू येऊन बसल्या. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी, ज्यांना सारी इमारत पाठीमागे ‘विश्वकोश’ म्हणते, तेही येऊन बसले.

“याला प्रकाश कमी पडतोय,” विश्वकोश म्हणाले. आम्ही दिवा वाढवला.

“प्रकाश जास्त झालाय,” ते दुसऱ्या दिवशी म्हणाले. आम्ही कमी केला. “बघा, मी म्हणालो नव्हतो?” त्यांनी विचारले. त्यांनी दोन्ही म्हटले असल्यामुळे आम्हाला मान डोलवावी लागली.

शेवटी पशुवैद्यांना घरी बोलावले. ते कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर होते. त्यांनी दाराशी उभे राहून पेटीकडे बराच वेळ पाहिले, मग खोलीतल्या पाच खुर्च्यांकडे पाहिले.

“याला अजिबात हलवू नका. आधीच खचलाय, आणखी एक प्रवास सोसायचा नाही. जिवंत रातकिडे देऊन बघा. पळणारं भक्ष्य दिसलं की भूक जागी होते. आणि मुख्य म्हणजे,” ते चपला घालता घालता म्हणाले, “याला एकांत द्या.”

एकांत! मी मनाशी हसलो. ज्याच्याकडे तीच एक गोष्ट मुबलक आहे अशा माणसाच्या घरात तो येऊन राहिला होता. वैद्यांचा सल्ला मी तत्परतेने पाळला. काकू आणि विश्वकोश यांना यायला मनाई केली. आता त्याच्यासमोर फक्त आम्ही तिघे बसू लागलो.

दुकानदाराने रातकिड्यांचे एक खोके दिले. झाकणाला बारीक बारीक भोके होती. मी ते मोरीच्या खिडकीत ठेवून कार्यालयात गेलो. बाबांनी ते पाहिले. बाबांच्या हाताखाली कारखान्यात अनेक माणसे होती, आणि ‘माणसाला हवा लागते’ हे त्यांचे व्यवस्थापनाचे एकमेव सूत्र होते. त्या भोकांनी त्यांचा जीव गुदमरला. त्यांनी ड्रिल काढले. ड्रिलला पाते एकच उरले होते, भिंतीत मोठे खिळे ठोकण्यासाठी वापरतात ते.

संध्याकाळी मी परतलो तेव्हा खोके अत्यंत हवेशीर होते. आत तळाशी दोन-चार म्हातारे किंवा आळशी रातकिडे उरले होते. बाकीचे मोरीच्या खिडकीतून नळांच्या डक्टमध्ये, आणि डक्टमधून साऱ्या इमारतीत निघून गेले होते.

“जातील कुठे?” बाबा म्हणाले. “येतील परत. दाणा-पाणी इथेच आहे.”

ते परतले नाहीत. दिवेलागणीला त्यांनी गायला सुरुवात केली.

खरे सांगतो, तो आवाज सुंदर होता. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत भिंतींच्या आतून एक बारीक, अखंड किणकिण चढत-उतरत होती; जणू त्या सिमेंटच्या पोटात कुठेतरी ओलसर गवताचे एक माळरान लपले होते आणि आजवर कोणी त्याला हाक मारली नव्हती. मी दारात उभा राहून ऐकत होतो. तेवढ्यात वरून विश्वकोशांचा आवाज आला: “लिफ्टचं बेअरिंग गेलं!”

सेक्रेटरींनी लिफ्ट बंद केली. मेकॅनिक आला. त्याने यंत्र उघडले आणि दुर्दैवाने त्याला खरोखरच एक झिजलेला भाग सापडला. त्यामुळे विश्वकोशांचे निदान सिद्ध झाले; भाग येईपर्यंत लिफ्ट बंद राहिली; आणि आवाज येतच राहिला. “आता पाण्याचा पंप,” विश्वकोश म्हणाले. पंप बंद झाला. आवाज आलाच.

या काळात माझे काय झाले ते सांगायला संकोच वाटतो. अपराधी मनाला स्वस्थ बसवत नाही. मी जिन्याशी उभा राहू लागलो आणि येईल त्याच्या पिशव्या वर नेऊ लागलो. काकूंचा गॅसचा सिलिंडर नेला. पंप बंद झाल्यावर विश्वकोशांकडे बादल्यांनी पाणी नेले. ज्या इमारतीत मी लहानाचा मोठा झालो आणि जिथे माझे अस्तित्व कोणाच्या फारसे लक्षात आले नव्हते, तिथे मी एकाएकी लाडका झालो.

“असा मुलगा मिळायला भाग्य लागतं, वहिनी,” काकू आईला म्हणाल्या, आणि तेही नेहमीच्या आवाजात.

“हे असे तरुण आहेत म्हणून इमारत उभी आहे,” सेक्रेटरी म्हणाले.

मी पिशव्या घेऊन वर चढत असे, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींतून माझे रातकिडे गात असत. आयुष्यात पहिल्यांदा मला चारचौघांचे प्रेम मिळाले होते आणि ते पूर्णपणे एका ड्रिलच्या पात्यावर उभे होते.

मग सेक्रेटरींच्या चष्म्याच्या डबीतून एक रातकिडा उडी मारून त्यांच्या कपाळावर बसला, आणि लिफ्ट, पंप, बेअरिंग हे सारे एका क्षणात निरर्थक झाले. रविवारी सकाळी गच्चीवर सभा ठरली. सभा संपताच सगळ्या इमारतीत, प्रत्येक डक्टमध्ये औषध फवारायचे. “साधंसुधं नाही,” सेक्रेटरी मला जिन्यात म्हणाले, “वास आठवडाभर राहतो. एक जीव वाचणार नाही. तुमच्याकडे मासा आहे ना? टाकीवर कापड टाका म्हणजे झालं.”

मी ‘बरं’ म्हणालो.

घरी येऊन मी त्याच्यासमोर बसलो. शेपूट पेन्सिलीसारखी झाली होती. त्याला हलवता येत नव्हते, आणि ठेवता येत नव्हते. त्याचे घर हवेसाठी वरून जाळीचे होते. कापडाने वास थांबत नाही, हे माहितीपत्रके न तपासणाऱ्यालाही कळले असते. मला फक्त सभेत उभे राहून एक वाक्य बोलायचे होते. पण मी आजवर सभेत उभा राहिलो होतो तो फक्त खुर्ची कमी पडली म्हणून.

रविवारी सकाळी खोक्यात उरलेले, आणि पळत नाहीत म्हणून इतके दिवस न दिलेले ते आळशी रातकिडे मी पेटीत सोडले. शेवटचा प्रयत्न म्हणून सोडले, की शेवटचे जेवण म्हणून, हे मी स्वतःला विचारले नाही. मग दार ओढून आम्ही तिघेही गच्चीवर गेलो. औषधवाला पाठीवर पिंप बांधून पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता. सेक्रेटरींनी प्रास्ताविक केले. विश्वकोशांनी लिफ्टचा झिजलेला भाग सर्वांना फिरवून दाखवला. “कुणाला काही सांगायचंय?” सेक्रेटरींनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता औषधवाल्याकडे मान वळवली.

मी उभा राहिलो. रात्रभर मनाशी एक भाषण जुळवले होते. ते जमेल तितके व्यवस्थित, मुद्देसूद होते. त्यातले एकही वाक्य सापडले नाही. धंद्याने जिभेवर बसवलेले तेवढे बाहेर पडले.

“फवारणी सुरू करण्यापूर्वी,” मी म्हणालो, “पुढील सूचना काळजीपूर्वक वाचा.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. आत्याने सभेचे रूप घ्यावे आणि समोर खुर्च्या टाकून बसावे, तसे वाटले.

“म्हणजे… ते रातकिडे माझे आहेत.”

“तुमचे म्हणजे?” सेक्रेटरी म्हणाले.

“माझ्याकडे जो आहे ना, त्याच्या जेवणासाठी आणले होते. ते सुटले.”

“पण तुमच्याकडे तर मासा आहे!”

“मासा नाहीये तो. पाल आहे.” मग, सत्याला एकदा वाचा फुटली की ते थांबत नाही म्हणून, पुढे म्हणालो, “भिंतीवर न चढणारी. आणि ती मरायला टेकलीये. औषध मारलंत तर आजच जाईल. मी सगळे किडे पकडून देतो. एकेक. पण औषध मारू नका.”

मग एकच गलका उडाला.

“पाल पाळली?”

“म्हणून बादल्या वाहत होता होय!”

“लिफ्टचा भाग मात्र झिजला होता,” विश्वकोश ओरडले, “हे विसरू नका!”

“खोक्याला भोकं मी पाडली,” बाबा उभे राहत म्हणाले. “त्याचा दोष नाही. पण किड्यांना हवा लागत नाही का, ते मला कोणीतरी सांगा.”

“आधी तो मासा दाखवा,” सेक्रेटरी गंभीरपणे म्हणाले. “काय आहे ते बघू, मग ठरवू.”

सारी सभा जिना उतरून आमच्या घरात आली. मागोमाग पिंप बांधलेला औषधवालाही आला. माझ्या खोलीत इतकी माणसे कधीच आली नव्हती. सगळे हिमशिखरांकडे, गुलाबी फुलांकडे पाहू लागले. मी सर्वांत पुढे होतो आणि डोळे उघडायला धजत नव्हतो.

“काही नाही की यात,” काकू म्हणाल्या.

मी पाहिले. रातकिडा एकही नव्हता. फरशीवर नाही, पाण्याच्या वाटीत नाही, कोपऱ्यात नाही. अर्ध्या कुंडीच्या तोंडाशी, सावलीत, साहेब बसले होते आणि त्यांच्या ओठाच्या कडेला रातकिड्याची एक बारीक तंगडी लटकत होती. आमच्याकडे लक्ष जाताच ते चपापले. तंगडी घाईघाईने गिळून त्यांनी आम्हा सर्वांकडे पाठ केली आणि कुंडीत शिरून दिसेनासे झाले.

ही अशी पाठ मला ओळखीची होती. ओट्याशी उभ्याने जेवताना कोणी अचानक स्वयंपाकघरात आले की मीही अशीच पाठ करतो.

घरात प्रथमच कोणी नव्हते, आणि प्रथमच तो जेवला होता. मी त्याला उबदार बाजू दिली, थंड बाजू दिली, हिमालयाएवढे पर्वत दिले. आणि मग खुर्ची ओढून त्याच्या ताटासमोर आत्या होऊन बसलो. लाजण्यावर ज्याची हयात गेली, त्याला दुसऱ्याची लाज ओळखता आली नाही. पशुवैद्यांनी तर आधीच सांगितले होते. पण आपल्याला पाठ असलेली सूचना माणूस वाचतच नाही.

“जेवला गं बाई!” आई म्हणाली, आणि तिने काकूंचा हात धरला.

“ते ठीक आहे,” सेक्रेटरी म्हणाले, “पण बाकीच्या किड्यांचं काय?”

“अहो, त्यांचं काय घेऊन बसलात?” आई म्हणाली. “माझ्या ट्यूबलाइटमागची बघा, आठवड्यात कशी गलेलठ्ठ झालीये. हलवत नाही तिच्याने. तुमच्याकडेही असेलच एखादी. चार दिवस कुणी झाडू उचलू नका म्हणजे झालं.”

हे ऐकून मी आईकडे पाहतच राहिलो. आयुष्यभराचा लढा तिने शत्रूच्या बाजूने निकालात काढला होता. माणसे एकमेकांकडे पाहू लागली; मग प्रत्येकाला आपापल्या घरातली पाल आठवली, आणि तीही अलीकडे बाळसे धरल्यासारखी दिसते हे कबूल करावे लागले. सेक्रेटरींनी तिथेच, माझ्या टेबलाशी उभे राहून जाहीर केले की पुढील सूचनेपर्यंत इमारतीतल्या पालींना अभय आहे, आणि पालींच्या हातून सुटतील ते रातकिडे मी घरोघर जाऊन पकडावेत. औषधवाला पिंप सावरत निघून गेला. जाता जाता त्याने आमच्या स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटकडे एका व्यावसायिक प्रतिस्पर्ध्याकडे पाहावे तसे पाहिले.

तेव्हापासून संध्याकाळी एक काचेचा पेला आणि एक पुठ्ठा घेऊन मी दारोदार जाऊ लागलो. ज्याला शेजारची बेल वाजवण्याआधी दोनदा जिना उतरून यावे लागे, त्याने इमारतीतल्या झाडून साऱ्या बेली वाजवल्या. “मासेवाले आले!” अशी आरोळी आतून येई. मी कपाटांमागे, बुटांत, उशांखाली कान लावून बसे. पूर्वीसारखे कौतुक कोणी केले नाही, पण दार सगळ्यांनी उघडले. आणि पकडलेला प्रत्येक रातकिडा साहेबांच्या कामी आला. लिफ्ट सुरू झाली, पंप सुरू झाला. भिंतींतले माळरान मात्र हळूहळू विझत गेले, आणि शेवटचा आवाज थांबला त्या संध्याकाळी मला उगीचच पोरके वाटले.

पेटीच्या समोरच्या काचेला आता पडदा आहे. आईने तिच्या जुन्या साडीचा शिवला. रातकिडे सोडायचे, पडदा ओढायचा, दार लावून बाहेर यायचे. शेपूट पुन्हा गाजराच्या वाटेवर आहे. सर्वसाधारण सभा बोलावण्याचे कष्ट कोणालाच नको असल्यामुळे तो अजून मासाच आहे.

मागच्या आठवड्यात आत्या आली. मी जेवायला बसलो, आणि तिने खुर्ची ओढली.

“वाळलाय की हो हा. खातोयस की चिवडतोयस रे?”

माझा घास नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिला. तेवढ्यात आई ओट्याकडून वळली. आईच्या हातात झाडू होता, तो तिने कोपऱ्यात ठेवला.

“वन्सं,” ती म्हणाली, “चला, आपण गॅलरीत बसू. तो जेवतोय.”

तिने आत्याला उठवून बाहेर नेले आणि जाताना मधले दार हलकेच ओढून घेतले. स्वयंपाकघरात मी होतो आणि ट्यूबलाइटमागची ती. तिने एकदा माझ्या ताटाकडे पाहिले, आणि मग तोंड भिंतीकडे वळवले.

मी पोटभर जेवलो.